क्लॅपमची नातवंडे

1776 साली कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेल्या चार्ल्स ग्रँट या तिशीतल्या स्कॉटिश माणसाच्या दोन लहान मुली देवीच्या रोगाने काही दिवसांच्या अंतराने दगावल्या. तोवर ग्रँट कंपनीच्या इतर नोकरांसारखाच होता; पैसा मिळवायचा, उडवायचा आणि कर्जात अडकायचे. मुली गेल्यावर त्याने या आघाताचा एकच अर्थ लावला. ही आपल्या पापांची शिक्षा आहे आणि देवाने आपल्याला जागे केले आहे. तेव्हापासून तो जो धर्मनिष्ठ झाला तो अखेरपर्यंत. पुढे 1870 च्या सप्टेंबरात, वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरमध्ये हर्बर्ट डकवर्थ नावाचा तरुण वकील बायकोसाठी झाडावरचे अंजीर काढायला गेला, हात ताणताना शरीरात आत असलेले गळू फुटले आणि त्या दुखण्यातून तो वाचला नाही. बायको ज्युलिया चोवीस वर्षांची होती, दोन मुले पदरात आणि तिसरे पोटात. तिचाही जन्म कलकत्त्याचा, तीही कंपनीच्या चाकरीतल्या कुळातली. तिने लावलेला अर्थ मात्र ग्रँटच्या अगदी उलट होता. ज्या धर्मात ती वाढली त्याचे सांत्वन तिला खोटे वाटले आणि तिने तो धर्म सोडून दिला. हीच ज्युलिया पुढे लेस्ली स्टीफनची पत्नी आणि व्हर्जिनिया वुल्फची आई झाली.

मुली गमावलेला बाप धर्माकडे वळतो आणि नवरा गमावलेली बायको धर्मापासून दूर होते, यात केवळ दोन स्वभावांचा फरक आहे असे म्हणून विषय मिटवता येईल. पण ही दोन माणसे एकमेकांना अनोळखी अशा दोन जगांतली नाहीत. ग्रँटने ज्या धर्मपंथीयांच्या साथीने हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्म पोचवण्याची खटपट केली, त्याच मंडळींच्या घरात लेस्ली स्टीफनचा जन्म झाला. आजोबांच्या पिढीने जो धर्म हिंदुस्थानला द्यायला हवा म्हणून पार्लमेंट हलवले, तो नातवंडांच्या पिढीने स्वतःच्या घरात ठेवला नाही. हे कसे घडले याचे उत्तर सहसा डार्विनच्या नावाने दिले जाते. मला ते उत्तर अपुरे वाटते. या घरांतली श्रद्धा बाहेरून कोणी पाडली नाही. तिने माणसाला स्वतःचा हिशेब कठोरपणे घ्यायला शिकवले, आणि एके दिवशी तोच हिशेब तिच्याकडेही मागितला गेला. शिवाय साम्राज्याच्या चाकरीत ताटातूट हाच ज्यांचा संसार होता अशा कुटुंबांना सांत्वनाशिवाय काम करत राहण्याची सवय आधीच लागलेली होती. म्हणून देव गेल्यावरही त्यांच्या दिनक्रमात फारसे काही बदलले नाही. कर्तव्य तेच राहिले. आणि राज्यही तेच राहिले, हे आपण विसरू नये.

आधी आजोबांची पिढी पाहू. ग्रँट 1790 मध्ये विलायतेस परतला आणि लंडनच्या दक्षिणेस क्लॅपम नावाच्या वस्तीत राहू लागला. तिथे विल्यम विल्बरफोर्स, बँकर हेन्री थॉर्नटन, वकील जेम्स स्टीफन आणि गावचे धर्मगुरू जॉन व्हेन अशी मंडळी शेजारी होती. इतिहासात त्यांना क्लॅपम पंथ म्हणतात. गुलामांचा व्यापार बंद करणे आणि हिंदुस्थान मिशनऱ्यांना खुला करणे ही त्यांची दोन मोठी कामे. पहिले 1807 मध्ये साधले. दुसरे 1813 च्या सनदी कायद्याने साधले. कंपनीला मिशनरी नको होते, कारण धर्मात हात घातला तर रयत बिथरेल ही भीती. क्लॅपमच्या मंडळींनी देशभरातून अर्ज गोळा करून ती भीती पार्लमेंटात हाणून पाडली. त्याच वर्षी मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना हाकलून लावण्याचा हुकूम निघाला होता; त्यांना राहता आले आणि त्यांच्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. ग्रँटचा मुलगा रॉबर्ट 1835 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि 1838 मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारला. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि ग्रँट रोड त्याच्याच नावाचे. त्याने रचलेली स्तोत्रे इंग्रजी चर्चमध्ये आजही गायली जातात. मुंबईकराच्या रोजच्या तोंडातले हे नाव 1776 सालच्या त्या दोन मुलींच्या मृत्यूशी असे जोडलेले आहे.

क्लॅपमच्या दोन्ही कामांचा संगम पाहायचा तर नाशिकला पाहावा. जॉन व्हेनचा मुलगा हेन्री व्हेन 1841 पासून तीस वर्षे चर्च मिशनरी सोसायटीचा चिटणीस होता. या सोसायटीने नाशिकला शरणपूर वसवले आणि अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणून शिकवली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा प्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहाबरोबर आफ्रिकेतून लंडनपर्यंत गेला आणि 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्या दफनाला हजर राहिला. आता घरातले नाते पाहा. हेन्री व्हेनची बहीण जेन हिचे लग्न जेम्स स्टीफनच्या मुलाशी, वसाहत खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या सर जेम्स स्टीफनशी झाले होते. फिट्झजेम्स आणि लेस्ली ही त्यांची मुले. म्हणजे मामा नाशिकला शाळा चालवणाऱ्या सोसायटीचा सूत्रधार, आणि शरणपूरचा विद्यार्थी ॲबेत उभा राहण्याच्या आदल्याच वर्षी भाच्याचे मुक्त विचारावरचे निबंध पुस्तकरूपाने लंडनच्या दुकानांत आलेले. एकाच कुटुंबात धर्माची निर्यात आणि धर्माचा त्याग ही दोन्ही कामे त्या काळात शेजारीशेजारी चालू होती.

ज्युलियाचे माहेर मात्र क्लॅपमचे नव्हते. तिचे आजोबा जेम्स पॅटल हे बंगालच्या मुलकी खात्यातले बडे अधिकारी आणि आजी पाँडिचेरीच्या फ्रेंच कुळातली. त्यांच्या वाढलेल्या सात मुली कलकत्त्यात सौंदर्यासाठी आणि तऱ्हेवाईकपणासाठी प्रसिद्ध होत्या. मुलगी चालू-बोलू लागली की आजीकडे व्हर्सायला पाठवायची आणि लग्नाच्या वयाची झाली की परत बोलवायची, हा या घराचा रिवाज. त्यांतल्या मारियाचे लग्न कलकत्त्याचे डॉक्टर जॉन जॅक्सन यांच्याशी 1837 मध्ये झाले. तिच्या दोघी मोठ्या मुली ज्युलियाच्या आधीच विलायतेला रवाना झाल्या होत्या. तिसरी ज्युलिया 1846 मध्ये जन्मली, आणि 1848 मध्ये मारिया तिला घेऊन निघून गेली. डॉक्टर मागे राहिले ते 1855 पर्यंत. ज्युलिया दोन वर्षांची असताना तुटलेला बाप तिला परत मिळाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे निर्दयपणाचे वाटेल. पण त्या घरांत ही रीतच होती. हवेची, पटकीची, मुलांनी ‘नेटिव्ह’ बोली आणि सवयी उचलण्याची धास्ती होती, आणि त्या धास्तीपायी आई-बाप पाच-सहा वर्षांच्या पोरांना बोटीवर चढवत. कादंबरीकार थॅकरे कलकत्त्यात जन्मला, चार वर्षांचा असताना बाप गेला आणि पाच वर्षांचा असताना आईपासून दूर विलायतेला धाडला गेला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगला त्याची गोव्याकडची कॅथलिक आया रस्त्यालगतच्या क्रुसापाशी नेऊन प्रार्थना करी, आणि हिंदू गडी देवळात नेई. पाच वर्षे पुरी झाल्यावर त्याला साउथसी इथे परक्या, कडक धार्मिक घरात ठेवले गेले. नरक नावाची गोष्ट आपल्याला तिथे पहिल्यांदा कळली असे त्याने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. ज्या घरात मूल पाठवले ते घर ख्रिस्ती शिस्तीचे, आणि त्या शिस्तीतून मुलाला जो देव भेटला तो पहारेकरी. श्रद्धा कुठे कुठे आणि कशी झिजली याचा हा एक दाखला.

ज्युलियाने हिंदुस्थान दुसऱ्या वर्षीच सोडला, तिच्या श्रद्धेशी हिंदुस्थानचा काय संबंध, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. कलकत्त्याची हवा तिच्या मनावर राहिली असे म्हणण्यात अर्थ नाही. पण हिंदुस्थानी चाकरीतली इंग्रज कुटुंबे म्हणजे एक प्रकारची व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था बोटीबरोबर विलायतेत आली. केन्सिंग्टनमधल्या लिटल हॉलंड हाउसमध्ये मावशी सारा आणि तिचा नवरा थोबी प्रिन्सेप यांचे बिऱ्हाड होते. तो बंगालच्या मुलकी सेवेतून निवृत्त झालेला. तिथे बहिणी जमल्या की आपापसांत हिंदुस्थानी बोलत आणि हिंदुस्थानी शाली पांघरत. बापाची जागा पैशाने आणि पत्रांनी भरायची, आईची जागा मावश्यांनी, आणि मुलीने लवकर मोठे व्हायचे, हे ज्युलियाच्या वाट्याला पूर्णपणे आले. आई संधिवाताने आजारी, बाप घरात असून नसल्यासारखा. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या वयापासून आईचे दुखणे काढण्याचे काम हिच्याकडे. दुःख दिसले की त्याचे करायचे काय हे तिला ठाऊक होते. त्याचा अर्थ काय हे विचारण्याची सवड तिला मिळाली नव्हती. ती सवड 1870 मध्ये पहिल्यांदा मिळाली, आणि धर्माने दिलेला अर्थ तिला पटला नाही.

त्या काळात तिने केलेल्या विचाराचा पुरावा मुख्यतः लेस्लीच्या लेखनात आहे. तिच्या मृत्यूनंतर 1895 मध्ये त्याने मुलांसाठी लिहिलेले आत्मकथन 1977 मध्ये छापले गेले. त्यात तो स्पष्ट सांगतो की तिची श्रद्धा वैधव्यातच गेली होती, आणि नंतर तिने त्याचे लेख वाचले तेव्हा त्यात स्वतःचे मत नीट मांडलेले तिला सापडले. हा क्रम महत्त्वाचा आहे. निबंध वाचून ती नास्तिक झाली नाही. नास्तिक झाल्यावर तिने निबंध वाचले. नवऱ्याच्या थडग्यावर ती तासन्‌तास पडून राहत असे, असे व्हर्जिनियाने लिहून ठेवले आहे. अशा बाईला भेटायला येणारी माणसे पुनर्मीलनाची, ईश्वरी योजनेची भाषा बोलली असणार, कारण व्हिक्टोरियन घरात सांत्वनाची दुसरी भाषा नव्हती. ती भाषा खरी आहे की आपल्याला बरे वाटावे म्हणून बोलली जाते, एवढाच प्रश्न तिने स्वतःला विचारला. चार्ल्स ग्रँटला हा प्रश्न पडला नाही. त्याने आघात झेलला तो अपराध्याच्या भूमिकेतून. शिक्षा झाली म्हणजे शिक्षा देणारा असलाच पाहिजे. शतकभर क्लॅपमच्या आणि तशा इतर घरांनी मुलांना खोटे न बोलण्याची, मनातला हेतू रोज तपासण्याची, सोयीचे ते खरे न मानण्याची तालीम दिली, तिचा परिणाम असा झाला की ग्रँटने जे सांत्वन म्हणून घेतले ते घेणे हीच ज्युलियाच्या पिढीतल्या काहींना अप्रामाणिकपणाची गोष्ट वाटली.

यावर मुख्य आक्षेप डार्विनचा. 1859 मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’, 1860 मध्ये बायबलकडे इतर ग्रंथांसारखे पाहणारे ‘एसेज अँड रिव्ह्यूज’, 1862 पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचे बिशप कोलेन्सो यांची मोशेच्या ग्रंथांवरची टीका. आणि 1862 मध्येच केंब्रिजला ट्रिनिटी हॉलचा शिक्षक आणि दीक्षा घेतलेला धर्मगुरू लेस्ली स्टीफन प्रार्थना चालवायला नकार देऊन शिक्षकाची जागा सोडतो. तारखा इतक्या नेमक्या जुळतात की कारण उघडच वाटते. ही पुस्तके नसती तर लेस्लीला बोलण्याचे धैर्य आणि शब्द मिळाले नसते, एवढे मी मान्य करतो. पण त्याने स्वतः दिलेली हकिकत वेगळी आहे. आपला धर्म खोटा असल्याचा शोध आपल्याला लागला नाही, आपण तो कधी खरोखर मानलाच नव्हता हा शोध लागला, असे तो सांगतो. आणि ठिणगी पडली ती कुठे? नोहाच्या महापुराची गोष्ट पवित्र सत्य म्हणून लोकांसमोर वाचणे आपल्याला योग्य नाही, या जाणिवेत. पूर आला की नाही हे भूगर्भशास्त्राने ठरवले असेल. पण न पटलेली गोष्ट गंभीर चेहऱ्याने वाचू नये हे त्याला व्हेन आणि स्टीफन यांच्या घराने शिकवले होते. 1875 च्या मार्चमध्ये त्याने दीक्षा कायदेशीर दस्तऐवजाने सोडली, आणि त्यावर साक्षीदार म्हणून सही केली ती कादंबरीकार टॉमस हार्डीने. कोणी विचारले नसताना, नोकरीही आधीच सुटलेली असताना, कागदावर रीतसर बाहेर पडण्याचा हा आग्रह मला अस्सल क्लॅपमचा वाटतो.

दुसराही पुरावा घरातलाच. सर जेम्स स्टीफन धार्मिक होते, पण 1849 मध्ये धर्मपुरुषांवरचे निबंध प्रसिद्ध करताना त्यांनी अनंतकाळच्या नरकयातनांबद्दल शंका व्यक्त केली आणि केंब्रिजमध्ये इतिहासाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक होताच पाखंडाची ओरड झाली. ‘ओरिजिन’ निघायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. शंकेचे कारण शास्त्र नव्हते, न्यायबुद्धी होती. चांगला बाप ज्या शिक्षेचा विचारही करणार नाही ती देव कशी देईल? मग त्यांचा मोठा मुलगा फिट्झजेम्स वकील म्हणून ‘एसेज अँड रिव्ह्यूज’च्या एका लेखकाच्या बाजूने धर्मन्यायालयात उभा राहिला. आजोबांनी गुलामगिरीला अन्याय म्हटले, बापाने नरकाला अन्याय म्हटले, नातवंडांनी सगळाच आराखडा नाकारला. तिन्ही पायऱ्यांवर निकष एकच होता.

पण माझ्या म्हणण्याला खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती ज्युलियाच्याच मावशीची. छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही पॅटल बहिणींपैकी. तिचे पती चार्ल्स हे मेकॉलेबरोबर विधि आयोगावर काम केल्यानंतर गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासद झाले. तिलाही तीच ताटातूट, तोच प्रवास, तीच मुले दूर ठेवण्याची रीत भोगावी लागली. 1873 मध्ये तिची एकुलती एक पोटची मुलगी बाळंतपणात गेली. तिची श्रद्धा हलली नाही. मग वसाहतीच्या संसारातून अश्रद्धा येते असे कसे म्हणायचे? म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. ताटातुटीने श्रद्धा जात नाही. श्रद्धा गेल्यावर माणूस कसा जगतो हे ताटातुटीची सवय ठरवते. या मावशीचा धर्म मुळातच हिशेबाचा नव्हता, पूजेचा होता, असे तिची छायाचित्रे पाहून वाटते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हातात कॅमेरा आल्यावर तिने काचेच्या ओल्या प्लेटवर, समोरच्या माणसाला कित्येक मिनिटे न हलता बसवून, चेहरे टिपले. घरातली मोलकरीण मेरी हिलियर हिला तिने वारंवार मेरी माता म्हणून बसवले. भाचीचे मात्र 1867 मध्ये काढलेले फोटो पाहावेत. पदर नाही, मूल नाही, प्रभावळ नाही; अंधारातून निघालेला सरळ चेहरा, मानेची ताणलेली शीर, आणि नाव फक्त तिचे स्वतःचे. ते वर्ष तिच्या लग्नाचे होते. पुढे बारा वर्षांनी चित्रकार बर्न-जोन्सने देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो त्या प्रसंगाचे चित्र पुरे केले, आणि त्यातली मेरी म्हणून उभी राहिली ती ज्युलियाच, श्रद्धा सोडून नऊ वर्षे झालेली, पुन्हा गरोदर. चित्राला तिचा चेहरा हवा होता, तिचे मत कोणी विचारले नाही.

आता राज्याकडे येऊ, कारण या प्रकरणातला हिंदुस्थानच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग तिथे आहे. फिट्झजेम्स स्टीफन 1869 ते 1872 व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासद होता. भारतीय पुरावा कायदा त्याच्या हातचा, करार कायदा त्याच्या कारकिर्दीतला. त्याच 1872 साली त्याने एक लहानसा विवाह कायदा मंजूर करून घेतला. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मोंना आपल्या लग्नांना कायद्याची मान्यता हवी होती. जुन्या आदि ब्राह्मो समाजाने ब्राह्मोंच्या नावाच्या कायद्याला विरोध केला. तेव्हा स्टीफनने नावच काढून टाकले आणि सर्वांसाठी नोंदणी विवाह ठेवला, पण अट अशी घातली की वधूवरांनी निबंधकापुढे सही करून सांगायचे : आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही. सरकारी छापील नमुन्यात धर्माच्या नकारासाठी जागा करून देणारा हा कायदा एका अश्रद्ध होत चाललेल्या क्लॅपमच्या नातवाने केला. 1880 मध्ये पंडिता रमाबाई आणि बिपिनबिहारी मेधावी यांनी लग्न केले ते असेच नोंदणी पद्धतीने. आपल्या दोघांचाही तेव्हा ना हिंदू धर्मावर विश्वास होता ना ख्रिस्ती, असे रमाबाईंनी पुढे लिहिले आहे. दोन वर्षांच्या आत त्याही विधवा झाल्या, कडेवर मुलगी मनोरमा. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. ज्युलिया ज्या दारातून बाहेर पडली त्या दारातून रमाबाई आत गेल्या, आणि दोघींनीही हे केले ते स्वतःच्या बुद्धीने, आप्तांना काय वाटेल याची पर्वा न करता. रमाबाईंना इंग्रजांनी बाटवले असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्या काळच्या शिकल्यासवरल्या इंग्रज घरांत बुद्धीची हवा उलट्या दिशेने वाहत होती.

पण स्टीफनच्या अश्रद्धेकडून हिंदुस्थानने फार अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता. विलायतेच्या परतीच्या बोटीवर त्याने ज्या लेखमालेचे लेखन सुरू केले तिचे पुढे ‘लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी’ हे पुस्तक झाले. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविचारावर त्यात कठोर हल्ला आहे आणि समाज शेवटी सक्तीवर उभा असतो असा निष्कर्ष आहे. 1883 मध्ये हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालवू देणारे इल्बर्ट विधेयक आले, तेव्हा हिंदुस्थानातले सरकार संमतीवर नव्हे, विजयावर उभे असलेले अनिर्बंध सरकार आहे असे त्याने ‘टाइम्स’मध्ये उघड लिहिले. आजोबांच्या पिढीला या राज्याचे समर्थन करायला सुवार्तेचा आधार लागे : आम्ही इथे आहोत ते तुमच्या आत्म्यासाठी. नातवाने तो आधार काढून घेतला आणि राज्य मात्र तसेच ठेवले, आता केवळ कायदा, सुव्यवस्था आणि ताकद यांवर. ग्रँटच्या राज्यात रयतेला देवापुढे निदान समान पापी म्हणून जागा होती. स्टीफनच्या राज्यात तीही उरली नाही. माझ्या मते हा बदल हिंदुस्थानला जाचक ठरला.

अश्रद्धेतून हेच निघते असेही नाही, आणि याचा पुरावा पुण्यात आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले, देव आणि परलोक यांचा आधार सोडला, आणि 1888 पासून ‘सुधारक’मधून केशवपन, बालविवाह, सोवळे यांवर लिहिले. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. लेस्लीला असले काही सोसावे लागले नाही. त्याच्या वर्गात अश्रद्ध असणे 1870 नंतर प्रतिष्ठेच्या आड येत नव्हते. मिलच्या ज्या पानांनी आगरकरांना बळ दिले त्यांच्याच विरोधात फिट्झजेम्सने लिहिले, आणि दोघेही रूढ श्रद्धेपासून दूर गेलेले. श्रद्धा जाते तेव्हा ती जागा काय घेते हे ज्याच्या त्याच्या स्थानावर ठरते. राज्य करणाऱ्या घरातल्या माणसाकडे ती जागा घ्यायला राज्यच तयार होते. आगरकरांकडे राज्य नव्हते; त्यांच्याजवळ होती फक्त शेजारच्या वाड्यातली विधवा आणि तिची कापलेली केसांची बट.

ज्युलियाकडे ना राज्य होते ना वर्तमानपत्र. 1878 मध्ये तिने लेस्लीशी लग्न केले; दोघांच्या आधीच्या संसारातली आणि नवी मिळून आठ मुले घरात वाढली. त्याशिवाय ती नातलगांच्या आणि गरिबांच्या आजारपणांत जात राहिली. 1883 मध्ये रुग्णसेवेवरचे तिचे लहानसे पुस्तक निघाले. त्यात परलोकाबद्दल एक शब्द नाही. अंथरुणात सांडलेल्या पावाच्या कणांवर मात्र पानभर मजकूर आहे : ते येतात कुठून, चादर झटकून का जात नाहीत, बोट ओले करून एकेक कसे टिपावे, आणि दुखणेकरी तक्रार करतो तेव्हा आपण कण काढले असे सांगणारी नर्स खोटे कसे बोलत असते. खोटे बोलण्यावरचा तो रोख ओळखीचा आहे. तिच्या सासऱ्यांच्या घरातला प्रत्येक माणूस त्याच रोखाने वाढला होता. देव न मानणाऱ्या बायका आजाऱ्यांची सेवा मनापासून करू शकत नाहीत, कारण त्यांना आशा देता येत नाही, असा सूर 1880 मध्ये एका प्रतिष्ठित मासिकातल्या लेखाने लावला होता. तिने त्याला लेखी उत्तर तयार केले. दया धर्ममतातून येत नाही, समोरच्या दुःखातून येते, आणि आजाऱ्याचा पंथ कोणता हे न विचारता त्याच्याशी आपले नाते जुळते, असे तिचे म्हणणे.

तिला आजच्या अर्थाने बंडखोर ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. 1889 मध्ये बायकांना मताधिकार नको अशा जाहीर आवाहनावर तिने सही केली. बाईचे काम घरात आणि रोग्याच्या उशाशी, हे तिचे मत धर्म सोडल्यावरही तसूभर हलले नाही. वसाहतीच्या कुटुंबाने तिला बालपणीच जी जागा दिली होती तीच ती शेवटपर्यंत सांभाळत राहिली, आणि 1895 च्या मे महिन्यात, एकोणपन्नासाव्या वर्षी, थकून गेली. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात आगरकर गेले. देवाशिवाय सेवा कशी करावी याचे तिने लिहिलेले उत्तर ज्या वादासाठी लिहिले त्या वादात कधी छापले गेलेच नाही. ते घरच्या कागदपत्रांत राहिले आणि 1987 मध्ये, तिच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींसोबत, पहिल्यांदा पुस्तकात आले.